नाणेघाटातून वाशीला

"जुन्नरला जायचं म्हणजे शिवनेरीवर जायचं आणि परतताना लेण्याद्रीच्या गणपतीला हात जोडायचे. बाकी डोंगरात नुसती भोकं आहेत. ती बघायला दीडशे किलोमीटर जायचं काय कारण?"

हे माझ्या मामांचं मत. मामा मूळचे ओतूरच्या बाजूचे. तरुणपणी मुंबईत आले, मस्जिद बंदरच्या कांदा-बटाटा बाजारात कामाला लागले आणि बाजार वाशीला हलला तेव्हा बाजाराबरोबर तेही वाशीला आले. गाळा आता मुलगा बघतो, पण आज आवक किती झाली हे विचारल्याशिवाय मामा सकाळचा चहा घेत नाहीत.

माझं मत वेगळं आहे. शिवनेरीबद्दल माझ्या मनात त्यांच्याइतकाच आदर आहे. पण जुन्नर हे शहर शिवजन्माच्या दीड हजार वर्षं आधीपासून नांदतं होतं, ते व्यापारावर वाढलं, आणि त्या व्यापारातल्या माणसांची नावं तिथल्या कातळावर आजही वाचता येतात. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि मग नवी मुंबई आखली गेली, म्हणून आपल्या गावाला इतिहासच नाही असं इथे सर्रास बोललं जातं. मला ते कधीच पटलेलं नाही. घाटावरचा माल खाडीकाठी उतरवून घ्यायचा आणि समुद्रावरून आलेला माल घाटावर चढवायचा, हे काम आज वाशीचा बाजार आणि उरणकडचं न्हावा-शेवा बंदर करतं. दोन हजार वर्षांपूर्वी तेच काम कल्याण आणि सोपारा करत होते, आणि त्या वाटेच्या वरच्या टोकाला जुन्नर होतं. वाशीच्या माणसानं जुन्नरला परक्यासारखं जाऊ नये, असं मी मामांना पुन्हा पुन्हा सांगते.

शेवटी जानेवारीत, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, मामा म्हणाले, "चल, दाखव तुझी भोकं."

गाडी मामेभाऊ चालवत होता. पहाटे शिळफाटा ओलांडला, कल्याण मागे टाकलं, मुरबाडच्या पुढे थंडी बोचायला लागली तशी काच वर झाली. समोरून येणारे ट्रक मामा नुसत्या ताडपत्रीवरून ओळखत होते. हा आळेफाट्याचा, हा ओतूरचा, यात कांदा आहे, यात फ्लॉवर असणार.

"मामा, याच वाटेनं बैलांचे तांडे जायचे," मी म्हणाले.

"याच वाटेनं कसे? माळशेजचा रस्ता आत्ता आत्ताचा."

"वैशाखऱ्यापर्यंत तर हाच. तिथून डावीकडे घाटात न जाता सरळ उभ्या डोंगराला भिडायचं. नाणेघाट. वर चढलं की घाटघर, पुढे जुन्नर, तिथून पैठण, आणि पैठणच्याही पुढे तेर."

"आणि बैलावर काय घालायचे?"

मी त्यांना 'पेरिप्लस'बद्दल सांगितलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक दर्यावर्दीनं लिहिलेलं ते बंदरांचं टिपण आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड समुद्राकडे जायचं, असं त्यात आहे. कल्याणबद्दलही आहे. पूर्वीच्या एका सातवाहन राजाच्या काळात कल्याण ही कायदेशीर पेठ होती, पुढे तिथे अडवणूक सुरू झाली, आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असं तो लिहितो.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे बाजार हलवला."

"हो. सत्ता बदलली की..."

"सत्ता बदलो नाहीतर सरकारी हुकूम येवो. मस्जिद बंदरहून आम्हाला हलवलं तेव्हा माणसं रडली होती. वाशीला कोण येणार, खाडीत माल टाकायचा का, म्हणाली. दोन-चार वर्षं गेली आणि सगळे ट्रक आपसूक वाशीकडं वळले. माल बाजार शोधत येतो. पण ज्याचा धंदा त्या मधल्या वर्षांत बसला, तो काही परत उठला नाही. कल्याणच्या त्या व्यापाऱ्यांचं काय झालं, ते लिहिलंय का तुझ्या पुस्तकात?"

ते लिहिलेलं नाही. पुस्तकातून त्या ओळी मी कितीतरी वेळा वाचल्या होत्या, पण त्यात मला राजे, बंदरं आणि जहाजंच दिसली होती. मामांना दुकान बंद करणारा माणूस दिसला. त्या काळातल्या व्यापारावर बोलायचा खरा अधिकार कुणाचा, हा प्रश्न तिथूनच माझ्या मनात सुरू झाला.

वैशाखऱ्याला गाडी थांबवून मी वर बोट दाखवलं. सह्याद्रीच्या कड्यात एक खाच दिसते आणि शेजारी 'नानाचा अंगठा' हा सुळका. मला इथून पायी चढायचं होतं. मामांनी गुडघ्यावर हात ठेवला.

"अगं, बैलवाल्याला रस्ता मिळाला असता तर तो रस्त्यानंच गेला असता. हौस म्हणून कोण चढलंय इथं?"

"पण चढल्याशिवाय तो घाट कळत नाही."

"मला कळतो. पाठीवर गोणी घेऊन मी जिने चढलोय."

यावर काय बोलणार? गाडी माळशेजकडे वळली.

हिवाळ्याचा दिवस आखूड. लेण्याद्री करून पुढे एकतर शिवनेरी होईल नाहीतर नाणेघाट, दोन्ही नाही, हे निघतानाच ठरलं होतं. कोणतं, हे मात्र ठरलं नव्हतं. लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. मामा वीस-पंचवीस पायऱ्यांनी थांबायचे, डोलीवाल्याला नको म्हणायचे आणि प्रत्येक थांब्यावर वादाचा एक मुद्दा काढायचे. खाली कुकडीच्या खोऱ्यावर धुकं होतं, आणि त्याच्या पलीकडे शिवनेरी वर निघाला होता. मामांनी चप्पल काढून तिथूनच नमस्कार केला.

"महाराजांचा जन्म झाला ती जागा समोर आहे, आणि तू मला घाटातलं एक लेणं दाखवायला नेणार. हे मला पटत नाही. आता तर जगाच्या वारसा यादीत नाव लागलंय शिवनेरीचं."

"२०२५ च्या जुलैत लागलं. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत. मलाही त्याचा अभिमान आहे. पण मामा, शिवनेरीच्याच कातळात लेणी आहेत, आणि तिथल्या एका लेखात इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिल्याचं लिहिलंय. चित नावाच्या दुसऱ्या यवनानं भिक्षूंना जेवायला भोजनमंडप दिला. हे लोक समुद्रापलीकडून आलेले, किंवा त्यांचे वंशज. त्या डोंगरावर जिजाऊ आल्या त्याच्या कितीतरी आधी परदेशी व्यापाऱ्यांनी तिथे पाण्याची सोय केली होती. शिवनेरीवर वर्षाला लाखो पावलं पडतात, त्यातल्या किती जणांना हे नाव माहीत असतं?"

"माहीत नसलं म्हणून काय बिघडतं? तो इरिल आम्हाला काय लागतो?"

"तो तुमच्यासारखाच बाजारातला माणूस."

मामा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "बाजारातला माणूस पुण्य गाठीला बांधतोच. आम्ही पंढरपूरच्या वाटेवर पाणी वाटतो, तसं. त्यात कातळावर नाव कशाला कोरायचं?"

हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे दान डाव्या हातालाही कळू नये असं मानणारे आहेत, आणि देवळाच्या पंख्याच्या पात्यावर नाव रंगवणारेही आहेत. जुन्नरच्या दात्यांनी नावं कोरली नसती तर मात्र आज आपल्या हातात राजांच्या वंशावळींपलीकडे काहीच उरलं नसतं.

सातव्या लेण्यात गिरिजात्मज आहे. अष्टविनायकांपैकी डोंगरावर, बौद्ध लेण्यात असलेला हा एकच. मामा रांगेत उभे राहिले, मीही राहिले. दर्शन झालं आणि ते दाराकडे वळले, तेव्हा मी त्यांना दालनाच्या मध्यभागी थांबवलं.

"मामा, एवढं मोठं दालन आहे, एक तरी खांब दिसतो का?"

त्यांनी वर पाहिलं. मग गोल फिरून पाहिलं. एकही खांब नाही. दोन्ही बाजूंना सात-सात खोल्या, मागच्या भिंतीत सहा. एकेका खोलीत भिक्षू राहायचे. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्यांच्या जागी आता गणपती आहे.

"म्हणजे तुझं म्हणणं, हा देव इथला नाही?"

"मी असं म्हणत नाही. तो इथे पिढ्यान् पिढ्या आहे, तो इथलाच. मी एवढंच म्हणते, की त्याच्या आधी इथे राहिलेल्यांकडेही बघावं. शेजारचंच सहा नंबरचं लेणं म्हणजे चैत्यगृह आहे. रांगेतल्या किती जणांनी तिकडे पाऊल टाकलं? लोक चपला घालतात आणि पायऱ्या उतरायला लागतात."

"हे बघ," मामांनी आवाज खाली आणला, कारण आजूबाजूला माणसं होती. "गणपती नसता तर हे दालन वटवाघळांनी भरलं असतं. या पायऱ्यांवर रोज माणसांचे पाय पडतात ते कुणामुळं? देवामुळं. ज्या लेण्यात देव नाही तिथं कोण फिरकतं, ते तूच सांग. माझ्या लहानपणी मानमोडीच्या लेण्यांत आम्ही गुरं बांधलेली बघितली आहेत. आणि देवाला आलेल्या माणसाची परीक्षा घेऊ नये. त्याची आई आजारी असेल, पोरीचं लग्न जमत नसेल. तो खांब मोजायला येत नाही."

मी गप्प राहिले. त्यांचं म्हणणं निम्मं मला मान्य आहे. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी वस्तीचा माग फक्त कुणीतरी लावलेल्या शेंदरामुळे टिकला आहे. तुळजा लेण्यात खांबांच्या गोल कड्यात स्तूप असलेलं चैत्यगृह आहे, तसं दुसरं सहज सापडायचं नाही. तिथेही वाट राबती राहिली ती देवीमुळे. पण निम्मं मान्य नाही. पूजेनं जागा वाचते, त्याच पूजेच्या ओघात भिंतीवर गिलावा चढतो, रंग चढतो, आणि खालचं कायमचं जातं. भक्ती आणि नजर एकाच माणसाकडे असू शकते. एक हवी तर दुसरी सोडा, अशी अट कुणी घातलेली नाही.

चैत्यगृहात मामा आले. खांबांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले हत्ती आणि इतर प्राणी, आत स्तूप, वर लाकडी वाश्यांची आठवण ठेवून दगडात कोरलेल्या कमानी. मी त्यांना दर्शनी भागावरची एका ओळीची ब्राह्मी अक्षरं दाखवली आणि बोट हवेत धरून वाचली: कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोन्याचा व्यवहार करणाऱ्याचा, मुलगा सुलसदत, त्यानं हे चैत्यगृह दान दिलं.

"कल्याणचा?"

"आपण सकाळी ओलांडलं ते कल्याण."

"आणि खर्च इथं केला. कल्याणात नाही." मामा स्तूपाकडे बघत होते. "याचा माल जुन्नरच्या पेठेत खपत असणार. नाहीतर घरापासून इतक्या लांब कोण एवढा पैसा घालतो?"

हे अनुमान कोणत्या ग्रंथात आहे की नाही, मला ठाऊक नाही, पण मला ते पटलं. म्हणून मग मी ज्याच्यासाठी दिवसभर थांबले होते ते सांगितलं. जुन्नरच्या एका शिलालेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे त्या धंद्यातल्या सगळ्यांची मिळून एक संघटना. बांबूचं काम करणाऱ्यांची श्रेणी होती, कासारांची होती. लोक या श्रेणींकडे ठेवी ठेवत आणि त्या ठेवींच्या उत्पन्नातून धर्मकार्य चाले.

"धान्यवाल्यांची संघटना," मामा सावकाश म्हणाले. "दाणाबंदरवाले." ते खाली बसले, पाणी प्यायले. "सात खोल्या म्हणजे सात माणसांची राहायची सोय. वर्गणी काढली असणार. एखाद्यानं द्यायला नकार दिला असणार, त्याला समजावलं असणार. हे सगळं आमच्याकडं अजून असंच चालतं."

मग ते उठले आणि म्हणाले, "शिवनेरी माझी बघितलेली आहे. चल तुझ्या घाटात."

जुन्नर गावात जेवायला थांबलो. मासवडी, रस्सा, बाजरीची भाकरी. बाहेर भर दुपारी लोक उन्हाला पाठ करून बसले होते. गावाच्या गल्ल्यांत फिरताना एकेका वळणावर वेगळा काळ लागतो. इथून मलिक अहमदनं १४९० साली स्वतंत्र राज्य जाहीर केलं, ती निजामशाही, आणि अहमदनगर त्यानंतर वसलं. पुढे मलिक अंबरनं काही काळ पुन्हा जुन्नरातूनच कारभार पाहिला. त्याही आधी, पंधराव्या शतकात, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून घोडा घेऊन पायी जुन्नरला आला होता, आणि इथल्या खानानं त्याचा तो घोडाच काढून घेतला. घोडा परत मिळाला, पण त्यासाठी त्याला फार काकुळतीला यावं लागलं. चार महिने कोसळणारा पाऊस आणि चिखल पाहून त्यानं त्या ऋतूला हिवाळा म्हटलं आहे. सह्याद्रीचा खरा हिवाळा असा कोरडा आणि स्वच्छ असतो हे त्याच्या टिपणात आलेलं नाही.

"१६५७ साली महाराजांनी जुन्नरवर छापा घातला," मी म्हणाले. "तेव्हा हे मोगलांकडे होतं. तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले."

"माहीत आहे. लहानपणी ऐकलंय."

"तुम्ही शिवनेरीचा अभिमान धरता आणि पेठेला विसरता. पण पेठेत तीन लाख होन होते म्हणून तर छापा घातला."

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पेठ मोगलाला पैसा पुरवत होती. महाराजांनी तो स्वराज्याला लावला. मी व्यापारी आहे, मला लुटीचं दुःख कळतं. पण पैसा कुणाच्या कामी येतो हेही बघावं लागतं. तुझ्या त्या शिलालेखवाल्यांनी तरी दुसरं काय केलं? पैसा नुसता ठेवला नाही, कामी लावला."

घाटघरपर्यंत रस्ता चांगला आहे. वाटेत चावंड, पुढे जीवधन. पठारावर वाळलेलं गवत सोनेरी पडलं होतं आणि वारा असा, की मामांनी मफलर कानाला बांधला. नाणेघाटाच्या तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकत, म्हणून घाटाचं नाव नाणेघाट, असं सगळे सांगतात. तिथे आलेल्या एका कुटुंबाला त्यांचा गाडीवान तेच सांगत होता.

मामांनी रांजणाभोवती एक फेरी मारली. आत वाकून पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"जकात अशी गोळा होत नाही. कोणता माल, किती डाग, आधी हे मोजायला माणूस लागतो. मग लिहिणारा. मग पैसे घेणारा. तिघं एकमेकांवर नजर ठेवणारे. बाजार समितीच्या गेटावर बघ, सेस कसा घेतात. उघड्या भांड्यात पैसे टाका आणि जा, असं कुठं असतं? आणि भांडं असं जड, की रात्री रिकामं कोण करणार? हे पाण्याचं असेल. घाट चढून आलेल्याला पहिलं काय लागतं? पाणी."

"रांजणावर काही लिहिलेलं नाही, त्यामुळे नाण्यांची गोष्ट ही परंपराच आहे," मी म्हणाले. "पण इथे जकात घेत असणार हे बहुतेक सगळे मानतात."

"जकात घेत असणारच. एवढा अरुंद घाट मिळाल्यावर कोण सोडेल? मी फक्त भांड्याचं बोलतोय."

घळीतून थोडं खाली उतरलं की कोकणाच्या अंगाला ते लेणं आहे. राणी नागनिकेचं. डाव्या आणि उजव्या भिंतीवर दहा-दहा ओळी, मागच्या भिंतीत एका रांगेत माणसांच्या आकृती होत्या. आता त्यांच्या पायांचे अवशेष आणि वरची नावं तेवढी राहिली आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि श्री सातकर्णी, कुमार, महारठी. महाराष्ट्रावर राज्य केलेल्या पहिल्या मोठ्या घराण्याचं हे कुटुंबचित्र, आणि ते राजधानीत नाही, घाटात आहे. सर्वसाधारण मत असं, की नवऱ्याच्या मागे, मुलं लहान असताना या नायनिकेनं, म्हणजेच नागनिकेनं, राज्य सांभाळलं. १८२८ च्या सुमारास कर्नल साइक्सनं या लेखाकडे लक्ष वेधलं, पुढे भगवानलाल इंद्रजींनी तो नीट उतरवून घेतला आणि ब्यूलरनं १८८३ मध्ये प्रसिद्ध केला.

ऊन तिरपं झालं होतं आणि त्या तिरप्या उजेडात अक्षरांच्या कडा उठून दिसत होत्या. सकाळी किंवा भर दुपारी ती इतकी दिसत नाहीत. लेख म्हणजे यज्ञांची यादी. अश्वमेध, राजसूय, आणि प्रत्येक यज्ञात काय दक्षिणा दिली त्याचे आकडे. गायी, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण.

"आकडे कुठं आहेत?" मामांनी विचारलं.

मी दाखवले. एक म्हणजे एक आडवी रेघ. दोन म्हणजे एकाखाली एक दोन रेघा. चार म्हणजे अधिकच्या खुणेसारखी फुली. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शून्य नाही. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चाराची फुली जोडायची. भारतात इतके सारे आकडे एका ठिकाणी इतक्या जुन्या काळी कोरलेले दुसरीकडे क्वचितच सापडतात.

मामा भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहिले. बोट न लावता ते ओळीच्या शेवटाशी नजर नेत आणि परत पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आणत. शेतकऱ्याला पाठवायची पट्टी तपासताना मी त्यांना असंच बघितलं आहे.

"सगळं दिलेलंच लिहिलंय," ते शेवटी म्हणाले. "आलेलं कुठं लिहिलंय?"

"आलेलं लिहिलेलं नाही."

"हजारांनी गायी दिल्या, घोडे दिले. हे आले कुठून? इथून जाणाऱ्या बैलांच्या पाठीवरूनच ना? मग हे यज्ञ जिथं झाले तिथं न लिहिता घाटात का लिहिलं, ते मला समजलं. जो पैसा देऊन वर येतो, त्याला दिसलं पाहिजे की तो पैसा कुणाच्या दारात जातो आणि त्याचं काय होतं. घाटाचा मालक कोण, हेही त्यात आलं."

मी एवढी वर्षं नागनिकेचा लेख धर्माचा आणि राजवंशाचा दस्तऐवज म्हणून वाचत आले. तो तसा आहेच. पण मामांच्या प्रश्नानं त्याची दुसरी बाजू उघडी झाली, आणि ती बाजू उघडी करायला ब्राह्मी येण्याची गरज नव्हती, जन्मभर हिशेब लिहिलेला असणं पुरेसं होतं.

वर आलो तेव्हा त्यांनी पुन्हा जुना मुद्दा काढला. रस्ता रुंद व्हावा, चांगली स्वच्छतागृहं व्हावीत, म्हाताऱ्या माणसांसाठी लेण्यापर्यंत सोय व्हावी.

"मामा, पावसाळ्यात इथे उलटा उडणारा धबधबा बघायला केवढी गर्दी होते. लेण्यात मुक्काम करणारे होते, भिंतीवर नावं कोरणारे होते. दोन हजार वर्षं टिकलेलं दहा वर्षांत जाईल. गर्दीला मर्यादा हवी."

"आणि घाटघरच्या पोरांनी काय करायचं?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "आम्ही पोटासाठी खाली उतरलो. आमच्या तालुक्यातली निम्मी माणसं कोपरखैरण्यात आणि घणसोलीत आहेत. कुणी हौसेनं गेलं का? २०१८ साली सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं, तेव्हा मला वाटलं आता पोरं वर राहतील. तुला शांत घाट पाहिजे, कारण तू संध्याकाळी वाशीला परत जाणार."

त्यांचा राग योग्य होता. तरी गर्दीला मर्यादा हवी हे माझं म्हणणं मी सोडलं नाही. मी म्हणाले, की या मुलांना गाड्या लावायला जागा दाखवण्याचं काम देऊ नका, हा लेख वाचायला शिकवा. येणाऱ्या प्रत्येक गटाबरोबर एक वाचणारा असेल, त्याला त्याचे पैसे मिळतील आणि भिंतीला कुणी हात लावणार नाही. ब्राह्मी शिकायला काही महिने पुरतात. मामा म्हणाले, की मग तसं स्पष्ट म्हण ना, गर्दी नको असं का म्हणतेस?

परतीच्या वाटेवर माळशेजमध्ये अंधार पडला. आता भरलेले ट्रक आमच्याच दिशेनं, खाली निघाले होते, पहाटेच्या बाजारासाठी. मुरबाडला चहाला थांबलो तेव्हा मामांनी खिशातून पेन काढलं.

"दाणाबंदरात एक फलक लागला पाहिजे. धान्यवाल्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरला लेणं दिलं, असा. माथाड्यांना, मापाड्यांना, सगळ्यांना कळलं पाहिजे."

"फलकानं काय होईल? त्यांना इथे आणायला हवं."

"वाचतील तर येतील. पन्नास माणसांची बस मी काढतो. पण आधी शिवनेरी, मग लेण्याद्री. नाणेघाट दुसऱ्या दिवशी, मुक्काम करून."

"पन्नास माणसं नागनिकेच्या लेण्यात एका वेळी सोडायची नाहीत."

"दहा-दहा सोडू. बाजार समितीला अर्ज मी करतो, मजकूर तू लिही. आणि चार ओळींत लिही. पाचवी ओळ बाजारात कुणी वाचत नाही."

"चार ओळींत इरिल, सुलसदत आणि नागनिका कसे बसतील?"

"त्यांना राहू दे. धान्यवाल्यांचं लिही, आणि ते टाकं. पाण्याचं टाकं विसरू नकोस."